दोन कारभारी

पेटीत निघाले तीन पांढरे डबे,
पाव किलो श्रीखंडाचे असावेत एवढे,
आणि एक कागद. त्यावर घराचं चित्र:
चार खोल्या, सारख्या, चौकोनी.

आमचं घर तसं नाही.
ते रस्त्याशी सुरू होतं
आणि चालून चालून गोठ्याशी थकतं.
मधे भिंत आहे, वाटणीच्या साली घातलेली,
जोडीला जुनी मातीची, दोन हात जाड.

फायबर येते पुढे, भासऱ्यांच्या ओसरीत,
घड्याळाखालच्या काळ्या पेटीत.
कनेक्शन त्यांच्या नावावर, बिल अर्धं अर्धं.
पाच तारखेला पैसे नेऊन देतो रुचल.
आम्ही नाही जात.

भिंत ओलांडेस्तोवर नेटला धाप लागते.
चुलीपाशी एक कांडी,
मागे संत्र्याच्या शेडात नुसतं गोल फिरणं.
मोर्शीच्या व्यापाऱ्याला फळाचे फोटो धाडायचे
तर मी टाकीवर चढते,
तिथे आधीच एक वानर बसलेलं असतं
आणि ते सरकत नाही.

रविवारी लाइन होती. मीच बसले.
हे म्हणाले, तुले जमन का?
मी म्हटलं, शिलाई मशीन कोणी खोललं होतं?

पहिला डबा काळ्या पेटीशेजारी ठेवायला
रुचल गेला पलीकडे.
हिरवा लागला, मग पिवळा, मग अडकला.
नागपूरचा पोरगा फोनवर म्हणे,
ताई, तुमच्या घरात आता दोन राउटर आहेत,
दोघंही पत्ते वाटताहेत.
मी म्हटलं, एका घरात दोन कारभारी.
तो हसला. त्याला काय माहीत.

एकाला गप्प बसवावं लागेल, म्हणाला.
जुन्याला करायचं तर अर्ज,
ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही.
नव्याला करायचं तर तुमच्याच हातात.

मी थोडा वेळ मोबाइल मांडीवर ठेवून बसले.
मग नव्याला सांगितलं:
तू पत्ते नको वाटू. आलेलं नुसतं पुढे दे.
बटण दाबलं. काही तुटलं नाही.

पण दुसरा डबा लालच.
भिंतीपुढे त्याचं काही चालेना.
वायरच पाहिजे, म्हणे पोरगा,
कुठे भोक असेल तर बघा.

भोक होतं. नळाच्या पाइपाचं, मोरीच्या वर,
पाइप गेला, भोक राहिलं,
त्यात पलीकडून कोंबलेली चिंधी.
मी ओढली तर ओळखू आली,
कुंदाबाईची अंजिरी साडी,
रुचलच्या बारशाला नेसली होती ती.

वायर ढकलली. कुठेतरी अडली.
मग पलीकडून कोणीतरी हळू ओढू लागलं,
बांगड्या वाजल्या.
रुचल बांगड्या घालत नाही.

"आली का?"
"आली. अजून सोड."
"पुरे?"
"हाताभर अजून."

एवढंच. सहा वर्षांत एवढंच,
आणि भोकातून आलेला
आंबाडीच्या भाजीचा वास.

तिसरा डबा शेडात, क्रेटच्या थप्पीवर.
पांढरा लागला तेव्हा मी फोटो पाठवला,
एका संत्र्याचा, डागाळलेल्या,
कारण तेच हाताशी होतं.
गेला. लगेच गेला.
व्यापारी म्हणाला, हा माल नाही चालणार.

रात्री त्यांच्याकडे मालिका लागली, आमच्याकडेही.
आधी त्यांची सासू ओरडायची,
आमची अर्ध्या मिनिटानं.
पुढे काय होणार ते आम्हाला
भिंतीतून आधीच कळायचं.
काल दोघी एकदम ओरडल्या.
हे म्हणाले, आता मजा गेली.

भोक तसंच आहे, वायरीभोवती उघडं.
उंदीर येतील. चिंधी परत घालायला हवी.
धुऊन दोरीवर टाकली आहे,
वाळू दे.