तेविसावं डोकं

खसबहून निघालेल्या गलबताच्या
शिडीवर, शेवटच्या पायरीशी
परचुऱ्यांनी तिसऱ्यांदा विचारलं,
"नक्की उतरताय ना, काकू?"
चष्मा वैजूच्या पर्समध्ये,
रुमालात गुंडाळलेला.

मग मुंडकं पाण्यात.
नळीतून माझाच श्वास,
शेजारच्या खोलीत कुणी घोरावं तसा.

खाली प्रवाळ,
कडेनं पांढरं पडत चाललेलं.
एक हिरवानिळा मासा
ते खातोय, कुरुम कुरुम,
चोरून चकली खावी तसा.
ऐकू येतं!
हे माहितीपत्रकात नव्हतं.

वर शिट्टी. डोकी मोजताहेत.
बावीस.
पुन्हा बावीस.
माझ्या नावानं हाका, वैजूची सगळ्यांत मोठी.

पाठीवर ऊन.
मासा दुसऱ्या फांदीकडे वळला.

तोंडात नळी आहे,
ओ कशी देणार?