टाचणी

आमच्या बंदराचं नाव अंपासिम्बोला.
त्यात वाळूही आहे आणि पैसाही.
दोन्ही मुठीत किती वेळ टिकतात
ते मला विचारा. एकेचाळीस वर्षं
मी वखारीत तराजू धरला.

बंदर म्हणजे एक लाकडी धक्का,
पुढे प्रवाळाची रांग,
आणि तिच्याही पलीकडे
आत यायला भिणारी जहाजं.
माल पडावांतून जायचा:
पत्र्याच्या डब्यांत, मेणकागदात निजवलेला व्हॅनिला,
म्हाताऱ्या बोटांसारख्या काळ्या, सुरकुतल्या शेंगा.

वखारीच्या पाटीवर चार नावं आहेत, एकाखाली एक.
पहिलं मार्सेयच्या दोन भावांचं, बापाच्या वेळचं.
दुसरं त्यांच्या जावयांचं.
तिसरं स्वातंत्र्यानंतरचं, आमच्या भाषेतलं;
त्याचा रंग सगळ्यांत आधी उडाला.
चौथं नुसती तीन अक्षरं. ती कशाची,
हे व्यवस्थापकालाही सांगता आलं नाही.
वादळानंतर पोपडे निघतात तेव्हा
भाऊ, जावई, सरकार
एकाच वेळी बाहेर डोकावतात.

तराजू मात्र तोच.
दांडी जराशी डावीकडे झुकते.
मापात पाप म्हणाल, तर होतं.
पण ते चौघांच्याही सोयीचं होतं
म्हणून कुणी दुरुस्त केलं नाही.
मीही नाही.

डोंगरावरून वेलोमोरा यायची, पाठीवर टोपली.
फूल एका सकाळीपुरतं उमलतं, ती सांगायची,
बाभळीच्या काट्याने त्याचं लग्न लावायचं,
मग नऊ महिने वाट बघायची,
आणि शेवटच्या महिन्यात चोर.
म्हणून बुचात टाचण्या खोचून
ती हिरव्या शेंगांवर खूण टोचायची:
तीन ठिपके, खाली एक वाकडी रेघ.
शेंग वाढली की खूण वाढायची,
शेंग काळी पडली तरी हाताला लागायची.
वजन करताना मी अंगठ्याने वाचायचो.
अक्षर तिला तेवढंच येत होतं.

मग एका वर्षी भाव पडला.
कुठल्यातरी कारखान्याने
लाकडाच्या लगद्यातून हाच वास काढला म्हणे.
लो युन-फाटने दुकान उघडंच ठेवलं,
कुलूप फक्त उधारीच्या वहीला लावलं.
त्याच्या पुढच्या वर्षी तार आली:
भाव चढावा म्हणून साठा जाळा.

तीन नंबरचं गोदाम.
मी जळणारा माल मोजून दिला,
पावतीवर सही केली, तारीख घातली.
दांडी डावीकडे झुकतच होती;
त्या दिवशी आम्ही आगीला फसवलं.
तीन रात्री गावभर गोड धूर.
चुलीवर कसावा, तोही तुकडे मोजून,
आणि पोरं तोंड उघडी टाकून
धुरात हिंडत होती.
झाफीचा धाकटा म्हणाला, पोट भरलं.
आम्ही हसलो. काय करणार.

भाव चढला. नंतर पडला. पुन्हा चढला.
एका चढत्या वर्षी लोकांनी भात नसताना
टीव्ही घेतले, वीज यायची होती.

आता मी घरीच असतो.
गेल्या पावसाळ्यात तीन अक्षरांच्या कंपनीचं पत्र आलं,
व्यवस्थापकाला नीट उलगडेना, म्हणून माझ्या नातीकडे.
तिने मोठ्याने वाचलं:
ग्राहकांची तक्रार आहे.
काही शेंगांवर ठिपके आढळले,
तीन, आणि खाली रेषेसारखं काही.
कीड असावी. पुढच्या खेपेला काळजी घ्यावी.

वेलोमोरा ओसरीत शेंगा निवडत होती.
आता तिला कमी दिसतं, लांबी बोटांनी मोजते.
तिने पुन्हा वाचायला लावलं.
मग विचारलं, कुठल्या गावी पोचली?
नातीने कागद उलटापालटा केला.
गावाचं नाव नव्हतं.

म्हातारीने हात पुसले,
पत्र मागून घेतलं, चार घड्या घातल्या,
आणि कमरेच्या कापडात खोचून ठेवलं,
पोच म्हणून.