अकरा मिनिटं मागे

संघाच्या खोलीतलं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे,
आणि खोलीत सगळे घड्याळजी.
बाहेर ज्युराच्या उतारांवर गुडघाभर बर्फ.

न्यूमा म्हणतो, किल्ली एकाच हाती द्या, आपल्या माणसाच्या;
काटे जागेवर आले की किल्लीचं कामच उरणार नाही.
"आणि त्या हाताचं काय करायचं मग?" झेलिम विचारतो.
त्याला भिंतीवर घड्याळच नको.
ज्याचं त्याच्या खिशात,
रोज संध्याकाळी पुलावर भेटून जुळवून घ्यायचं.
(पुलावर तो स्वतः कधी वेळेवर आलेला नाही.)

बर्नहून आलेले मास्तर चष्मा पुसत सांगतात:
रोज अर्धं मिनिट पुढे सारू, बावीस दिवस,
कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.
"तोवर ते आणखी मागे पडलं तर?"
मास्तर पुन्हा चष्मा पुसतात.

म्हातारा अरिस्त गप्प.
तीस घरांची चिल्लर जमवून त्यानं पिठाचं दुकान काढलं.
तिथं घड्याळ नाही.
पीठ संपलं की दार बंद.

मी तबकड्यांवर आकडे रंगवते, डझनावर मजुरी.
माझ्या हाती तबकडी येते तेव्हा
तिला काटे नसतात.
मला कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तरी सांगितलं नसतं
की दर सोमवारी झाडू मारताना
स्टुलावर चढून ते मागे कोण सारतं.
भट्टी विझवून आम्ही बायका पोचेपर्यंत
हात वर होऊन
खाली आलेले असायचे.