तोंड दाखवा

यंत्र म्हणतं, तोंड दाखवा.
गोलाच्या मधोमध आणा. हसू नका.
चष्मा काढा.

चष्मा काढला तर मला गोलच दिसत नाही, बाळा.

माझं वय एकोणसाठ.
हे केस काही उन्हात पिकलेले नाहीत,
डंडीत ऊन तरी कुठे एवढं;
डिसेंबरात साडेतीनलाच टे नदी काळी पडते
आणि आमचा दिवस सुरू होतो.

आई म्हणायची, असले धंदे करशील
तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही तुला.
ऐकलं नाही तिचं. तोंड लपवायच्या जागा
मात्र शिकत गेले एकेक:
शाळेच्या फाटकाशी कोटाची कॉलर,
बँकेत खिडकीकडे पाठ,
पोलिसांच्या गाडीत स्वतःचीच ओंजळ.
आता सरकारनेच जागा काढून दिली आहे,
तळहाताएवढी, गोल.

मला फक्त यादी बघायची होती.

यादी म्हणजे: पांढरी व्हॅन, नंबरात ६७ की ६१.
डाव्या अंगठ्याला नख नाही.
आधी पैसे देतो, मग दार आतून लावतो.
खाली तारखा. खाली आम्ही,
एकमेकींना कधी न बघितलेल्या बायका,
शुद्धलेखनाच्या चुकांसकट एकमेकींना जपणाऱ्या.
त्या पानावर एकही उघडं अंग नाही.
पण शब्द तसले आहेत,
आणि चाळणीला खडा काय, दाणा काय.

मुलांसाठी आहे, म्हणतात.
मुलांसाठी असेल तर मी कशाला नको म्हणू?
मला नातू आहे, रुअरी. चौदाचा.
ओठ पिळले तर दूध निघेल.
टोस्ट चावता चावता त्याने फोन पुढे केला:
आजी, बघ, आता मी नॉर्वेत आहे.
दार उघडलं.
कुठलं, ते मी विचारलं नाही;
त्यानेही मला काही विचारलं नाही.
मी तिथेच, स्वयंपाकघरात, दाराबाहेर,
एकोणसाठ वर्षांची.

अंकाला तर पासपोर्ट दाखवताच येत नाही.
तो घरमालकाच्या ड्रॉवरमध्ये आहे, थकलेल्या भाड्यापोटी.
तिला व्हॅनची गोष्ट कळली
शुक्रवारी. व्हॅनमध्ये बसल्यावर.

(आली परत. चालत. एका पायात बूट.)

सभागृहात सुनावणी होती. प्रत्येकी तीन मिनिटं.
मी लिहून नेलं होतं.
पिशवीत तो बूटही नेला होता.
अध्यक्षबाई चांगल्या होत्या. पाणी दिलं.
म्हणाल्या, इथे अगदी मोकळेपणाने बोलायचं,
फक्त नोंदीसाठी आधी पूर्ण नाव आणि पत्ता.

सेंगा, म्हटलं.
पूर्ण?

आता असं आहे, की अ‍ॅग्नेस हे नाव
आमच्या अक्षरांत उलटीकडून वाचलं
की सेंगा होतं.
अ‍ॅग्नेस चर्चच्या वहीत आहे,
दातांच्या दवाखान्यात आहे,
रुअरीच्या शाळेत तातडीच्या फोनसाठी आहे.
सेंगाला व्हॅन ठाऊक आहे.
दोघींना एका ओळीत लिहिलं
तर एक मरते.
कुठली, ते मलाही अजून नक्की सांगता येणार नाही.

हे सगळं मी मनात म्हणत होते.
तेवढ्यात घंटा झाली.
नोंदीत लिहिलंय: वक्त्या बोलल्या नाहीत.

यादी आता हिलटाउनच्या लाँड्रीत असते,
तिसऱ्या ड्रायरच्या मागे,
चिप्सच्या कागदावर, माझ्या हस्ताक्षरात.
मोठं लिहिते, बिनचष्म्याचं वाचता यावं असं.
वाफेने शाई फुटते.
दर सोमवारी पुन्हा उतरवून काढते.

काल खाली कुणीतरी
पेन्सिलीने भर घातली होती:

६७ नव्हे. ६१.