वाकडी वाट

बाबा गेल्यावर गॅरेजमध्ये, ग्रीसच्या डब्यामागे,
बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला.
आत कुपनं. रबर बँड वितळून त्यांना चिकटलेला.
प्रत्येकावर किलोमीटर छापलेले.

त्या काळी आमच्या पोलंडात
रस्त्याकडेला उभ्या पोरापोरींकडे एक पुस्तिका असायची,
मुखपृष्ठावर लाल वर्तुळ.
ती हलवायची, ट्रक थांबायचा.
उतरताना जेवढं अंतर, तेवढी कुपनं फाडून
ड्रायव्हरच्या हातावर ठेवायची.
त्यानं ती पोस्टानं धाडायची, मग सोडत.
कुणाला रेडिओ लागायचा.
शेजारच्या चेस्वावला शिलाई मशीन लागलं,
ते आई अठरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकत राहिली.

बाबांनी एकही कुपन धाडलं नव्हतं.

मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली.
मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं, बाबांच्या आखूड अक्षरात:
"ओले बूट. सानोकपर्यंत."
"गणित शिकतो. एक सिद्धान्त समजावला.
ऑगुस्तुवपर्यंत कळत होता, पुढे नाही."
"बोलली नाही. बरं वाटलं."
"दोघं. भांडत चढले, वेगवेगळे उतरले. गिटार माझ्याकडे."

ती गिटार!
आमच्या कपाटावर होती, दोन तारा तुटलेल्या.
हात लावला की बाबा ओरडायचे,
ठेव, मालक यायचाय तिचा.
एकाहत्तर सालापासून यायचाय.

बेरीज करायला घेतली होती, सोडून दिली.
आई खुर्चीतून म्हणाली,
"कसली बेरीज? त्याची वाट कायम वाकडी.
यीस्ट आणायला पाठवला तर
कुणाची तरी म्हातारी दवाखान्यात पोचवून यायचा,
आणि यीस्ट विसरून.
डेपोचा साहेब विचारायचा,
तेओफिल, तुझा ट्रक डिझेल पितो की माणसं?"
मग जरा थांबून,
"मशीन लागलं असतं रे देवा."

आता माझं.
दर गुरुवारी मी बियालिस्टोकहून वोम्झाला जाते.
मागच्या गुरुवारी पेट्रोल पंपाच्या पुढे एकजण उभा होता,
हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर वोम्झा.
माझंच गाव, माझाच रस्ता,
मागची सीट रिकामी, पुढची पण.
मी वेग कमी केला. तो वाकला, काचेतून बघितलं,
माझ्याच वयाचा असेल, दाढी नीट केलेली.
तेवढ्यात दारांची कुलुपं आपोआप टक्क झाली,
आणि मी, जणू गाडीनंच ठरवलं असं समजून,
पाय दाबला.

आरशात पाहिलं.
शिवी नाही, हात उडवणं नाही.
त्यानं पुठ्ठा स्वतःकडे वळवला आणि वाचला,
काही चुकीचं लिहिलंय का ते बघावं तसा.

येताना तो नव्हता. मी मात्र तिथे वेग कमी केला,
उगाच.

हे आईला सांगितलं नाही.
डब्याच्या तळाशी एक कुपन राहिलं होतं, घडी घातलेलं,
ते तिच्यापुढे सरकवलं:

"पोरगा उलट्या बाजूला उभा होता. चढल्यावर कळलं.
समुद्र बघायचा म्हणून इतका खुशीत,
की सांगवेना.
पुढच्या गावात मीच ट्रक वळवला. त्याला झोप लागली होती.
साहेबाला सांगायचं: पूल बंद होता."

आई भिंग घेते. वाचते.
पुन्हा वाचते, ओठ हलवत.
"पूल," ती म्हणते.
"मलाही पूलच सांगितला होता.
तीन दिवस रांधलेलं टाकून दिलं मी त्या पुलापायी."

आणि तिचे खांदे हलायला लागतात.
हसतेय की खोकतेय,
मी पाणी घेऊन उभी राहते.
ती हातानंच सांगते, थांब.