पथ्य

डॉक्टरीणबाईंनी 'मीठ' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या,
दुसरी इतकी जोरात
की कागद फाटला.
ओइवाने तो घडी करून टोपीत ठेवला.
छत्तीस वर्षं प्लायवुडच्या कारखान्यात काढलेला माणूस,
त्याला आता सकाळी ओटची पेज. दुपारी, हवं तर, ओटची पेज.
लष्करात असताना जिला त्याने शिव्या दिल्या होत्या
तीच.

त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरची हिल्का
जिन्यात आडवी आली.
"तुम्ही गॅलरीत खारीला खारे शेंगदाणे घालता?"
घालतो, म्हणाला. आवडीने खाते.
"आवडीने तर तुम्हीही पुष्कळ काय काय खाल्लंत."
हिल्काला अख्ख्या इमारतीच्या छातीचे ठोके माहीत असतात.

मग तिथेच पायरीवर बसून तिने सांगायला घेतलं:
मीठ नाही. साखर नाही. पाव नाही, बिस्किट नाही.
शेंगदाणे खारे तर नाहीतच, बिनखारेही रोज नाहीत.
ओट चालतील, कोरडे, दाबून चपटे केलेले; शिजवत बसू नका.
हेझलनट कवचासकट द्या, दात झिजायला हवेत तिचे.
भोपळ्याच्या बिया. सफरचंदाची फोड, पण बी काढून.
आणि पाणी,
जोवर ते पाणी राहील तोवर.

ओइवाने टोपीतला कागद काढला,
मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतलं.
लिहिता लिहिता थांबला.
कागद उलटा केला. पुन्हा सुलटा.
दोन्हीकडे जवळजवळ एकच मजकूर.

(आपल्या भाषेत तिचं नाव खार,
आणि तिलाच खारं वर्ज्य.
हा विनोद कुओपिओत कुणाला सांगायचा?)

तेव्हापासून डबा एकच.
उजाडताना, म्हणजे जानेवारीत साडेनऊला,
तो मूठभर ओट पातेल्यात टाकतो,
अर्धी मूठ कठड्यावरच्या फळीवर.
खारीचा वाटा.
ती पाइनवरून उलटी उतरते,
उन्हाळ्यातली तांबडी, आता राखाडी कोटात,
कानांवर केसांचे झुपके.
पुढच्या पायांत एकेक पापुद्रा धरून खाते,
जणू पत्र वाचते आहे आणि मजकूर पटलेला नाही.
काचेआड ओइवा चमचा तोंडात धरून बघत राहतो.
तिचं तोंड वाकडं होत नाही,
हे त्याला थोडं खटकतं.

फेब्रुवारीत ती हातावरून घ्यायला लागली.
पहिल्यांदा नखं तळव्याला लागली तेव्हा
त्याने श्वासही पथ्याने घेतला.

मग एका रविवारी ताइस्तो आला,
कारखान्यातला, करवतीवरचा.
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून धरलेला मासा,
रात्रभर मिठात मुरवलेला,
राईच्या काळ्या पावावर एवढासा तुकडा.
एवढ्याने काय होतं.
मग आणखी एवढासा.
मग दोघांनी मोजणं सोडलं, आणि जुन्या फोरमनची नक्कल करत
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

सोमवारी खार आली.
हातावर हेझलनट होतं, आदल्या दिवशीसारखंच.
तिने मिशा अंगठ्याजवळ आणल्या,
थांबली,
आणि अंगठ्याचा वास घेत राहिली
हिल्काइतकी सावकाश.
मग सरळ पाइनवर. शेपूट पाठीवर घेऊन
टक् टक् टक्, वरून, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं.

ओइवाने आधी तिसऱ्या मजल्याच्या पडद्याकडे पाहिलं.
मग आत जाऊन हात धुतले साबणाने,
पुन्हा धुतले, नखांच्या आतून,
आणि उणे अकरात ओला हात बाहेर धरून
उभा राहिला.

बऱ्याच वेळाने तिने दाणा घेतला.

फ्रीजमध्ये ताइस्तोची बरणी आहे, अर्धी.
त्याबद्दल तिला
अजून काही कळवलेलं नाही.