निम्म्याहून जास्त

हेल्वेबाईंनी तो घसरगाडीवरून आणला,
शालीत गुंडाळलेला,
दोरीने दोनदा आवळलेला.
उणे चौदा. पॅर्नू नदी गोठून पांढरी,
आणि पाचाच्या आत दुकानाबाहेर अंधार.

टेबलावर ठेवताच पत्र्याला घाम फुटला.
"तासभर थांबावं लागेल," मी म्हटलं,
"थंडीतून आलेल्या यंत्राला
लगेच वीज पाजत नाहीत."
"मग मला चहा पाज," त्या म्हणाल्या,
आणि बूट काढून बसल्या.

सोळा वर्षांचा डेस्कटॉप.
आधी तीनदा शिंकून चालू व्हायचा,
मग मधूनच डोळे मिटायचा,
सोमवारपासून नुसता हिरवा दिवा लावून
चर्चच्या शेवटच्या बाकावरल्या म्हाताऱ्यासारखा गप्प.

माझा एक नियम आहे, गल्ल्याच्या वर चिकटवलेला:
दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग पडली
तर नवा घ्या.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
हेच मी दिवसातून सात-आठ जणांना
सभ्य शब्दांत सांगतो.
त्यांनाही सांगितलं.

"निम्म्याहून जास्त, कशाच्या?"
पैशांच्या, मी म्हटलं.
त्यांनी साखर ढवळली. बराच वेळ.
"गेल्या वसंतात तार्तूला माझा खुबा बदलला.
तिथे कुणी हिशेब नाही मांडला,
की एवढ्यात अख्खी बाई नवी आली असती."

मग त्यांनी पेटी फिरवून
मागचं रुंद तोंड दाखवलं, पंचवीस भोकांचं.
त्यातून करडी केबल जाते विणयंत्राला,
ते बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेलं.
नमुन्यांचा प्रोग्रॅम लिहिला एंडेलने;
एंडेल फिनलंडला गेला, त्याचा फोन लागत नाही.
नव्या यंत्रांना हे तोंडच नसतं.
"म्हणजे हा नवा, तर विणयंत्र नवं,
विणयंत्र नवं तर नमुने नवे,
मग हातमोजे घालायला माणसंही
नवीच शोध माझ्यासाठी."

तास झाला. स्क्रू काढले, पत्रा सरकवला.
आत धूळ नव्हती.
आत लोकर होती.
पंख्याच्या पात्यांत, तारांच्या वळणांत,
थरावर थर, दाबून बसलेली.
सोळा वर्षं तो आतल्या आत
स्वतःसाठी गोधडी विणत होता
आणि तिच्यातच गुदमरला.

मी चिमट्याने उचलत गेलो, त्या वाचत गेल्या.
"ही तांबडी यंदाची.
ही निळी गायकवृंदाची, दीडशे जोड, पैसे उशिरा आले.
हिरवी... हिरवी कुणाची बरं?
ही करडी.
त्या वर्षी माझं लक्ष नव्हतं विणण्यात."
मी विचारलं नाही. चिमटा पुसला.

खाली बोर्डवर तीन कपॅसिटर टम्म फुगलेले,
पॉवर सप्लायला जळका वास.
सुटे भाग सत्तावीस युरो.
माझे तास प्रामाणिकपणे मोजले
तर नियम मोडतो;
म्हणून मी ते दुसऱ्या कागदावर मोजले.

"किती चालेल?"
वर्ष. फार तर दोन. आधी नमुन्यांची प्रत काढून ठेवू.
"हमी?"
नाही.
"खुब्याला पंधरा वर्षांची दिली," त्या म्हणाल्या,
"आणि मी आहे त्र्याऐंशीची.
हमीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही."

लोकरीचे बोळे त्यांनी खिशात भरले,
शाल मात्र माझ्याकडेच ठेवली,
परत नेताना लागेल म्हणून.
रिकामी घसरगाडी बर्फावर खडखडत गेली.

खिडकीत नवा कोरा डेस्कटॉप उभा आहे,
किमतीची चिठ्ठी मीच लावलेली.
हेल्वेबाई जाताना त्याच्यासमोर थांबल्या होत्या,
थोडा वेळ, हातमोजा काचेवर टेकवून.
ते मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

रात्री अकराला शेवटचा टाका घातला.
कथिलाचा धूर, बाहेर वारा.
बटण दाबलं.
एक शिंक.
थोड्या वेळाने दुसरी.
मी हातात चहाचा थंड कप धरून
तिसरीची वाट बघत बसलो.